होम्सकथांतील हेरगिरी

खाजगी गुप्तहेर परराष्ट्रांच्या कारस्थानात ओढला जातो, या कल्पनेवर आधारलेल्या आर्थर कॉनन डॉइल (२२ मे १८५९ – ७ जुलै १९३०) यांच्या शेरलॉक होम्सविषयक कथा. होम्सवर डॉइल यांनी एकूण ४ कादंबऱ्या व ५६ कथा लिहिल्या. त्यांत हेरगिरीला मध्यवर्ती स्थान असलेल्या कथा मुख्यतः चारच आहेत : ‘द नेव्हल ट्रीटी’ (१८९३, म. शी. आरमारी तह), ‘द सेकंड स्टेन’ (१९०४, म. शी. दुसरा डाग), ‘द ब्रूस-पार्टिंग्टन प्लॅन्स’ (१९०८, म. शी. ब्रूस-पार्टिंग्टन आराखडे) आणि ‘हिज लास्ट बो’ (१९१७, म. शी. अखेरचे अभिवादन). संख्येने अल्प असल्या, तरी या कथांनी रहस्यकथा व हेरकथा यांच्या सीमेवरचा एक स्वतंत्र प्रकार रूढ केला आणि पुढील लेखकांनी त्याचे साचे दीर्घकाळ वापरले.

मराठी वाचकाला या प्रकाराचा विचार करताना आरंभीच एक शाब्दिक अडचण जाणवते. खून-चोऱ्यांचा छडा लावणारा खाजगी तपासनीस आणि शत्रूच्या गोटातील बातमी काढणारा राज्याचा हस्तक या दोघांनाही आपण ‘गुप्तहेर’ असेच म्हणतो. बाबुराव अर्नाळकरांचा धनंजयही गुप्तहेर आणि बहिर्जी नाईकही गुप्तहेर. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात गूढपुरुषांचे कापटिक, उदास्थित, गृहपतिक, वैदेहक, तापस इ. भेद तपशीलवार सांगितले आहेत परंतु ते सर्व राजाचेच सेवक होत. एखाद्या खाजगी गृहस्थाचे गाऱ्हाणे ऐकून, राज्ययंत्रणेच्या बाहेर राहून सत्याचा शोध घेणारा पुरुष ही कल्पना त्या परंपरेत नाही. ती एकोणिसाव्या शतकातील पश्चिमी महानगराची निर्मिती होय. इंग्रजीत या दोन पेशांना वेगळी नावे आहेत, आणि ती वेगळी असण्यास कारणही आहे. तपासनीस झाकलेले उघड करतो, तर हेर उघडे असलेलेही झाकून ठेवतो. एकाची निष्ठा सत्याशी असते, दुसऱ्याची राज्याशी. होम्सच्या या चार कथांचे खरे स्वारस्य या दोन निष्ठांच्या ओढाताणीत आहे. १८९३ ते १९१७ या काळात होम्स पहिल्या निष्ठेकडून दुसरीकडे कसा सरकत गेला, हे त्यांत क्रमाने पाहता येते.

पहिल्या कथेची पार्श्वभूमी वास्तव इतिहासात शोधता येते. १८७८ मध्ये ब्रिटिश परराष्ट्र खात्यात नकलनविशीचे काम करणाऱ्या चार्ल्स मार्विन या कारकुनाने इंग्लंड व रशिया यांच्यातील गुप्त कराराचा तपशील एका वृत्तपत्राला पुरविला होता. त्याच्यावर खटला झाला पण त्याने कोणताही कागद चोरून नेल्याचे सिद्ध न झाल्याने तो सुटला. अशा कृत्याला शासन करणारा कायदाच त्या वेळी नव्हता. १८८९ मध्ये कार्यालयीन गुप्ततेविषयीचा पहिला कायदा करण्यात आला, त्यामागे या प्रकरणाचा अनुभव होता. ‘द नेव्हल ट्रीटी’ मधील पर्सी फेल्प्स हाही परराष्ट्र खात्यातच नोकरीला आहे, आणि इंग्लंड व इटली यांच्यातील २६ कलमी गुप्त तहाची नक्कल करण्यास त्याला रात्री कार्यालयात थांबविण्यात आलेले आहे. कॉफी का आली नाही हे पाहण्यास तो खाली जातो तेथे पहारेकरी झोपलेला असतो आणि तो त्याला जागे करीत असतानाच त्याच्या स्वतःच्या खोलीतील घंटा वाजते. चोर चोरी करताना घंटा का वाजवील ? कथेचे सर्व रहस्य या एका प्रश्नात आहे. त्याचे उत्तर राजकारणात नसून साध्या योगायोगात सापडते. घंटा वाजविणारा मनुष्य चोरी करण्यास आलेलाच नव्हता. फेल्प्सची वाग्दत्त वधू ॲनी हिचा भाऊ जोसेफ हॅरिसन त्याच्याबरोबर गाडीने घरी परतावे म्हणून कार्यालयात आला, खोली रिकामी पाहून त्याने घंटा वाजविली आणि नंतर त्याची नजर टेबलावरील कागदावर पडली. शेअरबाजारात बुडालेल्या माणसाला एवढे पुरे होते.

या कथेतील सर्वांत मार्मिक अनुमान मात्र वेगळेच आहे. चोरीला दहा आठवडे उलटले तरी युरोपच्या राजकारणात काहीही घडलेले नाही यावरून तह फ्रेंच किंवा रशियन वकिलातीत पोहोचलेला नाही, असे होम्स ठरवितो. न घडलेल्या घटनेतून पुरावा काढण्याची ही रीत होम्सच्या पद्धतीचा विशेष आहे, आणि येथे ती सबंध खंडाच्या राजकारणाला लावलेली आहे. कागद कोठे होता ? मेंदुज्वराने अंथरुणाला खिळलेल्या फेल्प्सच्याच खोलीत, जमिनीच्या फळीखाली. जोसेफची ही खोली आजारी फेल्प्सला दिली गेल्याने चोराला आपल्याच चोरीपर्यंत पोहोचता येत नव्हते. दोन राष्ट्रांचे भवितव्य एका रुग्णाच्या पलंगाशेजारी नऊ आठवडे पडून राहावे, या कल्पनेत डॉइल यांच्या विनोदबुद्धीची चमक आहे. शेवटी तो तह सकाळच्या न्याहारीत झाकणाखालच्या बशीतून फेल्प्सपुढे ठेवला जातो. हा प्रसंग पुष्कळ टीकाकारांना नाटकी वाटतो. तो तसा आहेच. परंतु राज्याची भव्य गुपिते घरगुती भांड्याकुंड्यांत आणून ठेवण्याची लेखकाची वृत्ती त्यातून नेमकी व्यक्त होते.

‘द सेकंड स्टेन’ मध्ये स्वतः पंतप्रधान बेकर स्ट्रीटच्या जिन्याची पायरी चढतात. एका परकी सत्ताधीशाचे अविचाराने लिहिलेले पत्र मंत्री ट्रेलॉनी होप यांच्या शयनगृहातील पेटीतून नाहीसे झालेले असते. पत्रातील मजकूर सांगण्यास पंतप्रधान प्रथम नकार देतात, तेव्हा होम्स शांतपणे प्रकरण नाकारून उठतो. त्याला मजकूर सांगावाच लागतो. खाजगी तपासनीस आणि राज्यसत्ता यांच्या संबंधांत या प्रसंगाला मोठे महत्त्व आहे. होम्स आज्ञा घेत नाही, तो अशील घेतो, आणि पंतप्रधान हाही त्याच्या लेखी अशीलच असतो. ज्याला सर्व सांगितले जात नाही तो तपास करू शकत नाही, हा त्याचा नियम आहे. हेराच्या पेशात नेमका याच्या उलट नियम चालतो : प्रत्येकाला आवश्यक तेवढेच सांगावयाचे.

गुन्ह्याचे मूळ पुन्हा घरातच निघते. मंत्र्याची पत्नी लेडी हिल्डा हिने विवाहापूर्वी लिहिलेल्या एका अविचारी पत्राचा धाक घालून एद्वार्दो ल्यूकस या हस्तकाने तिच्याकडून पेटीतले पत्र काढून घेतलेले असते. ल्यूकसचा खून होतो तोही राजकारणामुळे नव्हे, तर पॅरिसहून आलेल्या त्याच्याच पत्नीच्या मत्सरातून. सतरंजीवरील रक्ताचा डाग व तिच्याखालील फरशीवरचा डाग एकाच जागी येत नाहीत, यावरून कोणी तरी सतरंजी उचलून फिरविली, हे होम्स ओळखतो. हा धागा साधा, डोळ्यांना दिसणारा आणि म्हणूनच अत्यंत समाधानकारक आहे. कथेच्या शेवटी पत्र गुपचूप पेटीत परत ठेवले जाते पतीला काही कळत नाही. पंतप्रधानांना मात्र संशय येतो, आणि होम्स त्यांना आपलेही राजकारणी गुपित असल्याचे सुचवून निरोप देतो. एका स्त्रीच्या संसारासाठी होम्स येथे राज्यालाच अंधारात ठेवतो. मागील कथेत जोसेफला निसटू देताना, हे प्रकरण न्यायालयात न जाणेच सरकारला सोयीचे आहे, असा विचार त्याने केला होता. येथे तो सरकारच्या सोयीचाही विचार करीत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते होम्सच्या स्वातंत्र्याचा हा उच्चांक होय.

‘द ब्रूस-पार्टिंग्टन प्लॅन्स’ ही या चौघींतील सर्वश्रेष्ठ कथा आहे, याविषयी फारसे दुमत होऊ नये. तिचे रहस्य एका प्रेताभोवती रचलेले आहे. १८९५ च्या नोव्हेंबरातील दाट धुक्यात ऑल्डगेट स्थानकाजवळ भुयारी रेल्वेच्या मार्गावर वुलिच शस्त्रागारातील तरुण कारकून कॅडोगन वेस्ट मृतावस्थेत सापडतो. त्याच्या खिशात एका अत्यंत गुप्त पाणबुडीच्या आराखड्याचे सात कागद असतात हरवलेल्या दहांपैकी सर्वांत महत्त्वाचे तीन मात्र नसतात. त्याच्याजवळ तिकीट नाही. रुळांवर रक्त जवळजवळ नाही. प्रेत सापडले ती जागा रूळ फुटतात त्या वळणावर आहे. या तीन नकारांतून व एका वळणातून होम्स असे अनुमान काढतो, की तो मनुष्य गाडीत कधी बसलाच नव्हता त्याचे प्रेत डब्याच्या टपावर ठेवलेले होते आणि वळणाच्या हिसक्याने ते खाली पडले. मग गाड्या ज्या ठिकाणी थांबतात तेथे रुळांवर उघडणारी खिडकी कोणत्या घराला आहे, एवढाच प्रश्न उरतो आणि तो केन्सिंग्टनमधील ह्यूगो ओबरस्टीन या हस्तकाच्या घरी नेऊन पोहोचवितो. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या भूगोलावर आधारलेली ही अनुमानांची साखळी डॉइल यांच्या तर्कशक्तीचा उत्कृष्ट नमुना आहे. पाणबुडीची निवडही लक्षणीय म्हणावी लागेल : ब्रिटिश नौदलाची पहिली पाणबुडी १९०१ मध्ये पाण्यात उतरली, म्हणजे कथेतील काळी ती केवळ कल्पना होती, तर कथा लिहिली गेली तेव्हा ती वस्तुस्थिती झाली होती.

परंतु या कथेची खरी ताकद मृत कारकुनाच्या अब्रूच्या प्रश्नात आहे. खिशात कागद सापडले, अर्थात तोच देशद्रोही, असे वरिष्ठ, पोलीस व वृत्तपत्रे सर्वजण धरून चालतात. त्याची वाग्दत्त वधू तेवढी ते मानीत नाही. वस्तुतः त्याने चोराला कागद नेताना पाहून धुक्यात त्याचा पाठलाग केला होता, म्हणूनच तो मारला गेला आणि ज्या कागदांची घाईत नक्कल होण्यासारखी होती ते त्याच्या खिशात घालून त्यालाच चोर ठरविण्यात आले. खरा चोर कर्नल व्हॅलेंटाइन वॉल्टर हा कागदांचे रक्षक सर जेम्स यांचा सख्खा भाऊ व कर्जात बुडालेला मनुष्य असतो. या मांडणीमागे कोणते अनुभव असावेत ? फ्रान्समधील कॅप्टन आल्फ्रेड ड्रायफस याला १८९४ मध्ये एका कागदाच्या आधारे देशद्रोही ठरविण्यात आले, ते १९०६ मध्ये दोषमुक्त करण्यासाठीच. युरोपातील कोणत्याही वाचकाला हे प्रकरण अपरिचित नव्हते. आणखी जवळचे उदाहरण जॉर्ज एडलजी याचे. मूळचे मुंबईचे पारशी व पुढे ख्रिस्ती धर्मोपदेशक झालेले शापूरजी एडलजी यांच्या या वकील मुलास, जनावरांना इजा केल्याच्या खोट्या आरोपावरून १९०३ मध्ये सात वर्षांची शिक्षा झाली होती. डॉइल यांनी १९०७ च्या प्रारंभी वृत्तपत्रातून त्याची बाजू लढविली. त्याला क्षमा मिळाली भरपाई मात्र मिळाली नाही. त्यानंतरच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या या कथेत निष्कलंक माणसावर लादलेल्या कलंकाविषयी जो संताप जाणवतो, त्याचे मूळ या अनुभवात शोधणे अवाजवी ठरू नये.

याच कथेत होम्स सरकतो, तेही स्पष्ट दिसते. त्याला बोलावण्यास त्याचा थोरला भाऊ मायक्रॉफ्ट येतो वार्षिक ४५० पौंड पगाराचा हा स्थूल अधिकारी म्हणजे प्रसंगी खुद्द ब्रिटिश शासनच, असे त्याचे वर्णन केलेले आहे. राज्य आता अशील म्हणून नव्हे, तर आप्त म्हणून दारात उभे राहते, आणि आप्ताला नकार देणे कठीण असते. ओबरस्टीनच्या घरात चोरून शिरण्याचा बेत ऐकून वॉटसन प्रथम कचरतो परंतु आरमार व मंत्रिमंडळ वाट पाहत आहेत हे आठवताच त्याचा विरोध गळतो. कायदा मोडण्याचे प्रसंग होम्सवर यापूर्वीही आले होते. एका खंडणीखोराच्या घरात तो १९०४ मधील एका कथेत शिरला होता. मात्र तेव्हा दांडगाईची नैतिक जबाबदारी त्याने स्वतःच्या शिरावर घेतली होती. आता ती राज्याच्या नावे जमा होते. शेवटही त्याला साजेसाच आहे. वॉल्टर तुरुंगात मरतो, ओबरस्टीनला पंधरा वर्षांची शिक्षा होते आणि होम्सला विंडसरहून पाचूची टायपिन मिळते. लेडी हिल्डेला मिळालेली दया येथे कोणाच्याच वाट्याला येत नाही.

‘हिज लास्ट बो’ विषयी थोडक्यात बोलणे पुरे. १९१६ मध्ये डॉइल युद्धआघाडीला भेट देण्यास गेले असता एका फ्रेंच सेनापतीने त्यांना, होम्स इंग्रज सैन्यात आहे काय, असे विचारले होते. ही कथा म्हणजे त्या प्रश्नाला दिलेले उत्तर होय, आणि तिच्यावर मागणीनुसार लिहिल्याचा शिक्का आहे. २ ऑगस्ट १९१४ च्या रात्री फॉन बोर्क हा जर्मन हेरप्रमुख आपल्या संग्रहाची तिजोरी मित्राला दाखवितो त्याचा विश्वासू आयरिश-अमेरिकन हस्तक ऑल्टमाँट शेवटचे पुडके घेऊन येतो आणि तो ऑल्टमाँट म्हणजे होम्स निघतो. पुडक्यात मधमाशापालनावरचे पुस्तक असते. दोन वर्षे शिकागो, बफेलो व आयर्लंड अशा मार्गाने वेष व बोली बदलून त्याने शत्रूचा विश्वास मिळविला आणि त्याला खोटी माहिती पुरविली. येथे अनुमान नाही. शोधून काढण्यासारखे काहीही होम्सपुढे नाही, कारण रहस्य त्यानेच रचलेले आहे. निवेदन वॉटसनचे नसून तृतीयपुरुषी आहे, हे केवळ तंत्र नव्हे. मित्राच्या डोळ्यांतून होम्स पाहण्याची सोय गेली, कारण या होम्सला आता मित्रापासूनही दोन वर्षे लपून राहावे लागलेले आहे. तपासनीस नाहीसा होऊन मागे हेर उरला. डॉइल यांना हे जाणवले असावे, असे कथेतील विषण्ण स्वरावरून वाटते. त्यांचे परिचित रॉजर केसमेंट यांना आयरिश बंडासाठी जर्मनीची मदत मिळविल्याबद्दल ऑगस्ट १९१६ मध्ये फाशी देण्यात आली होती आणि दयेच्या अर्जासाठी डॉइल यांनी खटपट केली होती. त्यानंतर वर्षभरातच त्यांनी आपल्या नायकाला जर्मनीशी संधान बांधलेल्या आयरिश देशभक्ताचे सोंग दिले.

चारही कथा एकत्र वाचल्या असता आणखी एक गोष्ट लक्षात येते. पहिल्या तिन्हींत परका हेर हा केवळ गिऱ्हाईक आहे कागद घराबाहेर काढतात ते मेहुणा, पत्नी व भाऊ. संशयाचा पहिला बळी ठरतो तो बहुधा हाताखालचा मनुष्य. हेरकथेच्या नावाखाली डॉइल यांनी वस्तुतः मध्यमवर्गीय घराच्या कथा लिहिल्या : कर्ज, अब्रू, विवाह, आजार यांच्या. विल्यम ल क्यू यांच्यासारखे समकालीन लेखक त्याच काळात इंग्लंडभर जर्मन हेर पसरल्याची भीती कादंबऱ्यांतून पिकवीत होते. त्यांच्या ‘स्पाइज ऑफ द कैसर’ चे वर्ष १९०९, आणि ब्रिटिश सरकारने गुप्तवार्ता विभाग स्थापन केला तेही १९०९ मध्येच. त्या गदारोळात डॉइल यांची दृष्टी बरीच समतोल राहिली. तिची मर्यादाही सांगितली पाहिजे. हे तह व आराखडे ज्या साम्राज्याच्या रक्षणासाठी होते, त्याच्याविषयी होम्सला कधीही प्रश्न पडत नाही. कागदात काय लिहिले आहे याची वाचकाला पर्वा नसते, हे खरे. पण होम्सलाही ती नसावी, हे सत्यशोधकाला शोभत नाही.

या साच्याचा पुढील प्रवास विस्ताराने देण्याचे कारण नाही. ॲगाथा ख्रिस्ती यांनी १९२३ मधील ‘द किडनॅप्ड प्राइम मिनिस्टर’ या कथेत प्वारोवर अशीच कामगिरी सोपविली. ‘द इन्क्रेडिबल थेफ्ट’ (१९३७) मध्ये तर मंत्र्यानेच फेरफार केलेले आराखडे परकी हस्तकाच्या हाती जाऊ दिलेले असतात. ‘द क्लॉक्स’ (१९६३) मध्ये हेरगिरी व खून यांची सांगड घातली आहे पण जोड उघडी पडते. दुसऱ्या महायुद्धात हॉलिवुडने होम्सलाच विसाव्या शतकात आणून १९४२–४३ मध्ये नाझी हस्तकांविरुद्ध उभे केले. बॅझिल रॅथबोन यांचा अभिनय सोडल्यास त्या चित्रपटांत स्मरणीय थोडेच. अमेरिकेत मिकी स्पिलेन यांच्या ‘वन लोन्ली नाइट’ (१९५१) मधील माइक हॅमर साम्यवादी हेरांचा तपास करीत नाही, त्यांना ठार मारतो. याच नायकावरील रॉबर्ट ऑल्ड्रिच यांच्या ‘किस मी डेडली’ (१९५५) या चित्रपटाने मात्र साच्याचे मर्म ओळखले : पैशाच्या वासाने एका पेटीमागे लागलेल्या खाजगी गुप्तहेराला त्या पेटीत अणुद्रव्य आहे हे फार उशिरा समजते. होम्स पंतप्रधानांना मजकूर सांगावयास लावू शकत होता हॅमरला कोणीही काही सांगत नाही.

मराठीत होम्सच्या कथा भालबा केळकर यांच्या अनुवादांमुळे घरोघर पोहोचल्या. अर्नाळकरांसारख्या लेखकांनी खाजगी गुप्तहेराचे पात्र येथल्या वातावरणात रुजविले. इंग्रजीत या प्रकाराला नवे वळण दिले ते जॉन ल कारे यांच्या ‘कॉल फॉर द डेड’ (१९६१) या पहिल्या कादंबरीने. तिचा नायक जॉर्ज स्मायली हा सरकारी गुप्तवार्ता खात्याचा राजीनामा देऊन, एका पोलीस अधिकाऱ्याच्या साहाय्याने जवळजवळ खाजगीरीत्या तपास करतो. म्हणजे होम्स ज्या वाटेने राज्याकडे गेला, त्याच वाटेने हा उलट परततो. मृत मनुष्य येथेही परराष्ट्र खात्यातील नोकर आहे आणि संशय प्रथम त्याच्यावरच घेतला जातो. आत्महत्या करणाऱ्याने दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्याला उठवावे असे दूरध्वनी केंद्राला का सांगून ठेवावे, या एका विसंगतीवरून शोध सुरू होतो आणि तो संपतो मृताच्या पत्नीपाशी.